अक्षरांचा टॉवेल

कुणी भेटलं तर माणसं रामराम करतात, तब्येत विचारतात, निदान ऊन फार झालंय म्हणतात. डोळेमास्तर समोरच्याची हनुवटी धरायचे. "हितं उजेडात ये. वर बघ. खालची पापणी वड." मग उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती उरलंय ते वाकून बघावं तसं आत बघायचे आणि निकाल द्यायचे. "पांढरं पडलंय. पालेभाजी खा." नाहीतर, "लाल हाय. चोळलास व्हय?"

माझ्या लग्नात ते स्टेजवर आले. बाकीचे पाहुणे पाकीट देऊन फोटोला उभे राहत होते. मास्तरांनी पाकीट माझ्या हातात कोंबलं आणि नव्या नवरीला म्हणाले, "पोरी, त्या दारावरची पाटी वाच बघू." तिनं डोळे बारीक केले. "झालं," मास्तर म्हणाले, "नंबर हाय." तो फोटो अजून आमच्या घरात आहे. मी हसतोय, बायको डोळे बारीक करून लांब कुठंतरी बघतेय आणि मास्तर पाटीकडं बोट दाखवतायत. आठ दिवसांत तिला चष्मा लागला. आई पुढं वर्षभर मास्तरांचं नाव निघालं की भांडी आपटायची. तिचं म्हणणं, मुलगी चांगली होती, चष्मा त्या मेल्यानं लावला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. मी तिथं क्लार्क होतो आणि मास्तर चेकिंग खात्याचे प्रमुख. मागावरून उतरलेला माल टेबलावर पसरायचा आणि ट्यूबलाइटखाली सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग शोधायचा, हे त्या खात्याचं काम. अकरा बायका दिवसभर डोळे फोडून बघत बसायच्या. मास्तरांचं खरं नाव पगारपत्रकावर दर महिन्याला मीच लिहायचो. इथं लिहीत नाही.

त्यांच्या गमती मी बारा वर्षं लोकांना हसवत सांगत आलो. एक भाग तेवढा वगळत आलो. त्या खात्यातल्या एका बाईचा डावा डोळा गेला, त्यापायी मास्तरांची नोकरी गेली, आणि दोन्हीला कारण मी. आज ते सांगायचं आहे. मला ओळखणारे म्हणतात, हा माणूस मुद्द्यावर यायला वेळ लावतो. लावतो. मुद्दाच तसा आहे.

मास्तर मूळचे माळशिरस तालुक्यातले, श्रीपूरकडचे. त्यांच्या वडिलांच्या डोळ्यात उसाचं पातं लागलं होतं. घरच्यांनी आधी मध घातला, मग एरंडेल, मग कुणी सांगितलं म्हणून शेजारणीचं अंगावरचं दूध. आठव्या दिवशी बुबुळावर पांढरं टिक पडलं, महिन्यात डोळा गेला. ही गोष्ट मास्तर नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, आणि जुन्या माणसाला, तो विसरला असेल म्हणून, दर पंधरवड्याला. शेवटी शेवटी ते "आमच्या बापाच्या डोळ्यात" एवढं म्हणाले की बायका मागून पुटपुटायच्या, "पहिल्यांदा मध, मग एरंडेल." मीही पुटपुटायचो. माणसाचं दुःख फार वेळा ऐकलं की त्याचा पाढा होतो.

खात्यात एक पितळी थाळी टांगलेली होती. दर वीस मिनिटांनी मास्तर ती वाजवायचे. थाळी वाजली की हातातलं ठेवायचं, खिडकीतून लांबची पाण्याची टाकी बघायची, वीस आकडे मोजायचे, पापण्या उघडझाप करायच्या. "जवळचं बघून बघून डोळ्याचा बैल होतो. त्याचं जू उतरवा की जरा." मागावरचे लोक थाळी ऐकली की ओरडायचे, "आरती झाली, परसाद वाटा!" बायकांना ती टाकी पाठ झाली होती. तिच्यावर कावळे किती बसलेत, शिडी चढून कोण कुणाला मिस्ड कॉल देतंय, सगळा हिशेब त्यांच्याकडं असायचा. एकदा मालक परगावचा व्यापारी घेऊन माल दाखवायला आले आणि नेमकी थाळी वाजली. अकरा बायका, त्यांच्यामागं मास्तर, सगळे पाठमोरे. व्यापाऱ्यानं हळूच विचारलं, "कुणी गेलं का?"

सकाळी ते गेटवर उभे. सायकलवर, मोटारसायकलवर येणाऱ्यांच्या डोळ्यांत रस्त्याची धूळ जाते म्हणून त्यांनी साध्या काचेचे गॉगल आणले होते आणि लोकांच्या नाकावर चढवायचे. पन्नाशीचे विणकर ते घालायला लाजायचे. "मास्तर, गल्लीत लोक हसतेत की." यावर मास्तरांचं ठरलेलं वाक्य होतं: "हसूं दे. डोळा म्हंजे टॉवेल न्हाय, फाटला तर दुसरा इनायला. आन् डोळ्यात सेकंड माल नसतोय." विणताना बिघडलेल्या, स्वस्तात काढायच्या मालाला आमच्याकडं सेकंड म्हणतात. लोक गॉगल घालायचे, वळणावर काढून खिशात ठेवायचे.

खोटं कशाला बोलू, त्यांचं बहुतेक सगळं बरोबर होतं. डोळ्यात गुलाबपाणी घालू नका, दुसऱ्याचा चष्मा लावू नका, बाजारात पेपर वाचून बघून चष्मा विकत घेऊ नका, चाळिशीनंतर वर्षाला एकदा डॉक्टरला दाखवा, साखर असेल तर न चुकता दाखवा. माणूस बरोबर असला आणि वर थाळीही वाजवत असला, तर त्याचं ऐकणं अवघड जातं. चुकीच्या माणसाला निदान माफ करता येतं.

एक गोष्ट मात्र त्यांची चुकली. खात्यात ते दरवर्षी सगळ्यांची नजर स्वतः तपासायचे. डॉक्टरकडं असतो तसा अक्षरांचा तक्ता भिंतीवर, खाली लहान होत जाणाऱ्या सहा ओळी. एका डोळ्यावर स्टीलची वाटी धरायची, मास्तर काठीनं अक्षर दाखवणार, बाईनं वाचायचं. तक्ता कागदाचा होता. धुळीनं, दमटपणानं दोन वर्षांत फाटला. मास्तर म्हणाले, "आपण टॉवेलवाले. कागदाच्या पाया कशाला पडायचं?" आणि त्यांनी जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, तक्ता विणून घेतला. पांढऱ्यावर निळी अक्षरं. डोळे तपासायचा टॉवेल उभ्या जगात आमच्याकडंच असेल.

त्यात दोन गोष्टी झाल्या. एक, शेवटची ओळ इतकी बारीक होती की टॉवेलच्या लवेत ती पार बुडाली. हातभर अंतरावरूनसुद्धा तिथं नुसते निळे मुंगळे दिसत. दुसरं, जकार्डवर एकच नग कुणी विणत नाही. चाळीस निघाले. मास्तरांनी मला बोलावून बजावलं, "एक टांगतो. बाकीचे फाडून मागवाल्यांना पुसायला दे. एकबी बाहेर जाता कामा नये. कळ्ळं का?"

"कळलं," मी म्हणालो, आणि दिवाळीला सगळे वाटून टाकले. अकरा बायकांना एकेक दिला, बाकीचे इकडं तिकडं. मला त्यात मजा वाटली. पुढची दोन वर्षं विडी घरकुलापासून साखर पेठेपर्यंत लोक मास्तरांच्या तक्त्यानं अंग पुसत होते. दोरीवर वाळत घातलेली अक्षरं येता-जाता वाचून बायकांच्या पाच ओळी पाठ झाल्या. सहावी टॉवेलवर दिसत नव्हती. ती मी सांगितली. नक्षीचा मूळ कागद माझ्या कपाटात होता. ग, ण, च, द, ळ, श. बायकांनी तिला चाल लावली.

त्यांची भीती खोटी नव्हती. नजर कमी निघाली तर मास्तर बाईला डॉक्टरकडं पाठवायचे आणि डोळा सुधारेपर्यंत घडीखात्यात टाकायला सांगायचे. घडीखात्यात दिवसभर उभं राहून घड्या घालायच्या. डोळा सुधारायचा, पण बाई परत चेकिंगला यायची नाही, कारण मालकांना उभ्या माणसाचं काम दिसतं, बसलेल्याचं दिसत नाही. मास्तरांना वाटायचं आपण डोळे वाचवतोय. बायकांना वाटायचं हा माणूस गुडघे घेतोय.

टॉवेल वाटल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत अकराच्या अकरा बायकांनी शेवटची ओळ खडाखडा वाचली. मास्तर हरखले. त्यांना वाटलं, हे टाकीचं फळ. मालकांना पत्र लिहिलं, बोर्डावर खडूनं 'चेकिंग खाते : दृष्टी उत्तम' असं लिहून खाली फूल काढलं. एका क्लबानं त्यांना भाषणाला बोलावलं. "छप्पन वर्षांची आमची एक भगिनी" असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि त्याच महिन्यात ते गुपचूप तीनदा चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. का, तर जी ओळ बायकांना दिसते ती त्यांना दिसेना. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "माझा नंबर वाढतोय वाटतं रं. दुकानवाला म्हनतोय वाढला न्हाय. त्याचं मशीन बिघडलंय." मी तोंडावर फाइल धरून हसलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती हसली नाही. तिच्या चष्म्यामागचं ते न हसणं मला तेव्हा कळलं नाही.

ती छप्पन वर्षांची भगिनी म्हणजे नरसक्का. तेलुगू घरातली, खात्यातली सगळ्यात जुनी. मला ती 'तम्मी' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तपासणीच्या आठवडाभर आधी दुपारच्या सुट्टीत ती टॉवेल घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"तम्मी, ह्ये खालचं एकेक अक्षर बोट ठिवून सांग की. चालीत म्हनते, पन मास्तर मधलंच काठीनं दावला तर?"

"तुम्हाला काय गरज अक्का? तुमची नजर घारीची."

"उजवी घारीची. डाव्यानं धूर दिसतोय. चूल पेटल्यागत." ती हसली. "साखर हाय न्हवं. डॉक्टर गोळी देतोय, खाते मी. आठवन झाली की खाते."

मी म्हणालो, "डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा की."

"दावते. दिवाळीनंतर दावते. आत्ता घडीखात्यात टाकतेत मला. उभं राह्याला गुडघे कुटं हायत?"

इथं मी थांबायला हवं होतं. ती मला सांगत होती की डावा डोळा जातोय. साखरेचं आणि डोळ्याचं नातं खात्यात भिंतीवर लिहिलेलं होतं, मास्तरांच्या अक्षरात, मी आणलेल्या रंगानं. मी तिला खुर्ची दिली आणि चार दिवस दुपारी तिच्याकडून ती सहा अक्षरं घोटून घेतली. उलटी, सुलटी, मधूनच. मला वाटत होतं मी तिच्यावर उपकार करतोय. आणि खरं सांगायचं तर, मास्तरांचा पोपट होताना बघायची घाई उपकारापेक्षा जास्त होती.

तपासणीला तिनं उजव्या डोळ्यावर वाटी धरली आणि डाव्या, धुरकट डोळ्यानं सहावी ओळ म्हटली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळी झाली. संक्रांत झाली. होळीच्या सुमाराला एका सकाळी भाकरी थापताना तिच्या डाव्या डोळ्यापुढं काळं जाळं पसरलं आणि संध्याकाळपर्यंत पडदाच झाला. आत रक्त उतरलं होतं. साखरेनं डोळ्यातला आतला पडदा खाल्ला होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर पुष्कळ वाचवता आलं असतं.

तिचा मुलगा कारखान्यात आला तो तपासणीनंतर मास्तरांनी तिला दिलेला कागद घेऊनच. 'डावा डोळा : उत्तम', खाली सही. मालकांच्या केबिनमध्ये तो ओरडला नाही. कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "ह्ये उत्तम हाय का, सायेब?"

मालकांनी मास्तरांकडं बघितलं. "तुम्ही डॉक्टर आहात का हो?"

"न्हाय."

"मग?"

मास्तरांनी कागद उचलून सही बघितली. एवढंच म्हणाले, "सही माझी हाय. चूक माझी."

मी रजिस्टर घेऊन दाराशी उभा होतो. मालकांनी मला मास्तरांचा हिशोब पूर्ण करायला सांगितलं. मी "हो" म्हणालो. त्या खोलीत मी उच्चारलेला तो एकच शब्द.

चेकिंग खातं कुणाला तरी द्यायचं होतं. मला दिलं.

थाळी पहिल्याच आठवड्यात उतरवली. उत्पादन वाढलं म्हणून शाबासकी मिळाली. टॉवेल मात्र उतरवला नाही. उतरवला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का उतरवला. दरवर्षी मी काठी घेऊन उभा राहतो, बायका चालीत म्हणतात, मी सही करतो. उत्तम. मास्तरांनी फसून सह्या केल्या. मी समजून उमजून करत आलो. बारा वर्षं.

यंदा नरसक्काची सून खात्यात लागली. चुणचुणीत, तोंडाळ पोरगी, तिशीची. तपासणीला उभी राहिली आणि मी काठी उचलायच्या आधीच एका दमात म्हणाली, "ग ण च द ळ श. झालं का सायेब? चहा गार होतोय." सगळ्या बायका हसल्या. मी तिच्या कागदावर सही करायला पेन उघडलं आणि सही न करताच मिटलं. रविवारी मोटारसायकल काढली आणि मास्तरांच्या गावाकडं, श्रीपूरच्या वाटेला लागलो.

मास्तर बांधावर बसून ऊस तोडणाऱ्या एका माणसाच्या नाकावर गॉगल चढवत होते. मला बघून उठले, जवळ आले, हनुवटी धरली. "वर बघ." त्या अवस्थेत, पापणी त्यांच्या अंगठ्याखाली, मी सगळं सांगून टाकलं. चाळीस टॉवेल, मूळ कागद, चार दुपारी, धूर. त्यांनी पापणी सोडली नाही.

"म्हंजे ती ओळ कुणालाच दिसत नव्हती?"

"नाही मास्तर."

"मला वाटलं मी आंधळा व्हायलोय." मग ते हसायला लागले, आणि ते हसणं ऐकवेना. "छप्पन वर्सांच्या साखरवाल्या बाईला टॉवेलातला मुंगळा दिसला, आन् मी टाळ्या वाजवल्या. मला ते खरं पायजे हुतं रं. भाषन करायचं हुतं मला." त्यांनी पापणी सोडली. "बरं. तू हिकडं कशाला आलास?"

"माफी मागायला."

"माझा डोळा गेलाय का?"

"नाही."

"तिला सांगितलास?"

"नाही."

"बारा वर्सं? आन् पेट्रोल जाळून साठ-सत्तर मैल हिकडं आलास, ती बाई तुझ्या गावात असताना? जा. जिचा डोळा तिच्यापाशी जा." आणि पाठ फिरवून ते पुन्हा त्या ऊसतोड्याकडं गेले. चहासुद्धा विचारला नाही. ते योग्यच झालं.

नरसक्का दारात बसून शेंगा सोलत होती. मी बोलत होतो तोवर तिचे हात थांबले नाहीत. संपल्यावर म्हणाली, "मला ठाव न्हाय व्हय? तूच तर शिकवला. मी कुनाला बोलले न्हाय. पाठ मी केलते, सांगू काय? पोराला सांगू की मी खोटं बोलून डोळा घालवला?" सुपातलं एक टरफल तिनं हातानं चाचपून बाजूला काढलं. "मी म्हातारी, मला काय कळतंय. तुला कळत हुतं, तम्मी. माझं जाऊ दे. माझ्या सुनंला कोन शिकवला?"

"बाकीच्या बायकांनी."

"आन् सही?"

"माझी असते."

"व्हय," ती म्हणाली, "जा आता. शेंगा ऱ्हायल्यात."

सोमवारी मी खात्यात स्टूल घेतलं, त्यावर चढलो आणि टॉवेल उतरवला. बारा वर्षांत त्याच्यामागं भिंतीवर पांढरा चौकोन पडला होता. अकरा बायका बघत होत्या.

"धुवायला का, सायेब?"

"नाही. ही तपासणी बंद. पुढच्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर येतील. थेंब घालून आतला पडदा बघतील. कुणाचाही डोळा कमी निघाला तरी घडीखात्यात जायचं नाही, मालकांकडून लिहून घेतलंय." ते लिहून घ्यायला सकाळची पंधरा मिनिटं लागली होती. बारा वर्षं आणि पंधरा मिनिटं.

नरसक्काची सून टेबलावरून ओरडली, "डॉक्टरचा बी तक्ता असंल की! त्याचा टॉवेल चार दिवस आधी द्या सायेब. पाठ कराय येळ लागतोय!"

खातं हसून हसून लोळायला लागलं. त्यांचं हसणं थांबेपर्यंत मी टॉवेलाची घडी घातली. मग हातातलं काम खाली ठेवायला सांगितलं, दार लावलं आणि तिला विचारलं, "तुझ्या सासूचा डोळा कशानं गेला, माहितीय तुला?"

"व्हय की. आमच्या घरात सगळ्यांना ठाव हाय. त्या डोळेमास्तरनं खोटी सही केली."

"नाही," मी म्हणालो, आणि स्टुलावर बसलो.